फोरमनचा सायलेन्सर

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुणाचंही कौतुक केलं नाही. हे मी रागाने म्हणत नाही, पंधरा वर्षं त्यांच्या घरात राहून म्हणते. कुणी नवी इमारत बांधली की ती वाकडी असायची, कुणाचा मुलगा पहिला आला की पेपर फुटलेला असायचा, आणि मी केलेली भाजी 'खाण्यासारखी' असायची. बोलण्याआधी ते नाकातून एक 'हं' सोडत. त्या 'हं'मध्येच समोरच्याचा निकाल लागलेला असे, पुढचं बोलणं नुसतं निकालपत्र.

मनमाडला रेल्वेत त्यांनी पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला छोटं घर बांधलं आणि कॉलनीत सगळे त्यांना 'फोरमन' म्हणू लागले. ते फोरमन कधीच नव्हते. ज्यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं त्या सगळ्या फोरमन लोकांना ते गाढव म्हणत, तरी ही पदवी मात्र त्यांनी विनातक्रार स्वीकारली होती. घरात आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते मला 'बाई' म्हणत. सूनबाईतली नव्हे, शाळेतली बाई. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि दादांच्या मते शिकवणं हे काम न करता येणाऱ्यांचं काम होतं.

सगळ्यात जास्त तुच्छता त्यांनी राखून ठेवली होती ती गॅरेजवाल्यांसाठी. "याला पाना दिला की हा आधी मोबाईल बघतो," असं ते म्हणत. त्यांची पांढरी गाडी वीस वर्षांपेक्षा जुनी होती आणि ती कुठल्याही गॅरेजचा उंबरा चढलेली नव्हती, याचा त्यांना एखाद्या बापाला मुलीच्या वागणुकीचा असावा तसा अभिमान होता. ऑइल, ब्रेक, क्लच, सगळं आमच्या पोर्चमध्ये व्हायचं. शेजारचे गाडी धुवायला बाहेर आले की हे गाडीखालून विचारत, "धुऊन चालते का ती?"

गाडीचा सायलेन्सर गंजून फुटला होता. ती गल्लीत शिरली की कुत्री उठून उभी राहत. दादा म्हणत, "इंजिनाचा आवाज आहे तो, दमदार." मी एकदा वाकून बघितलं तर इंजिनाला जोडणाऱ्या सांध्यापासून मधल्या नळीपर्यंत तीन-चार ठिकाणी भोकं होती, आणि मागच्या सीटखालचा पत्राही गंजून चाळणी झाला होता. मी म्हटलं, "दादा, हा धूर आत येत असणार. यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, माणसाला कळत नाही."

"हं. वास नाही, रंग नाही, दिसत नाही. मग तुम्हाला कुठं भेटला तो?"

"पुस्तकात."

"पुस्तकातच राहू द्या त्याला."

माझ्या सासूबाई नेहमी मागे बसत. कानाला वारा लागतो म्हणून काच लावून. दादा पुढे खिडकी पूर्ण उघडी ठेवून, कोपर बाहेर काढून चालवत. प्रत्येक प्रवासानंतर आईंचं डोकं दुखे, मळमळे. दादांनी त्याचं निदान लग्नाच्या वर्षीच करून ठेवलं होतं, "हिला गाडी लागते." चाळीस वर्षं तेच निदान चालू होतं. गाड्या बदलल्या, निदान बदललं नाही.

सायखेड्याला आईंच्या बहिणीकडे एका मुंजीला आम्ही तिघं गेलो होतो. माझा नवरा पुण्याला नोकरीला, तो शनिवार-रविवारी येतो, त्या दिवशी त्याला जमलं नव्हतं. परतताना मी मागे आईंजवळ बसले. मला वाटलं उन्हामुळे डोकं जड झालंय. आई काचेला डोकं टेकून गप्प होत्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "मनमाड आलं का?"

आम्ही मनमाडच्या विरुद्ध दिशेला चाललो होतो. मनमाड सोडून आम्हाला बारा वर्षं झाली होती.

मी म्हटलं, "आई, आपण सायखेड्याहून येतोय." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलं नाही. मी दादांना गाडी थांबवायला सांगितली. ते म्हणाले, पुढे चांगली जागा बघून थांबतो. मी इतक्या मोठ्याने ओरडले की त्यांनी आहे तिथेच ब्रेक दाबला. एका रसवंतीच्या मांडवात आम्ही आईंना आडवं केलं. रसवाल्याची बायको लगेच पाणी घेऊन आली. आईंना उलटी झाली, बऱ्याच वेळाने त्यांनी माझं नाव घेतलं. सगळ्या काचा खाली करून आम्ही त्यांना नाशिकरोडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि गाडी किती जुनी आहे ते विचारलं. मी सांगायच्या आत दादा म्हणाले, "हिला पहिल्यापासून गाडी लागते." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला दादांची जितकी किळस आली तितकी आधी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई घरी आल्या. मी सांगून टाकलं, गाडी गॅरेजला जाईल नाहीतर भंगारात. दादा वर्तमानपत्र वाचत राहिले. तीन दिवस आमच्यात शब्द नाही. चौथ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर गाडी पोर्चमध्ये स्टँडवर चढलेली, खालून दादांचे दोन पाय बाहेर आणि भिंतीला टेकवून नवा कोरा सायलेन्सर उभा, पुढच्या नळीपासून मागच्या डब्यापर्यंत सगळा. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दुकानातून रिक्षात घालून आणला होता. मी म्हटलं, "गॅरेज?" गाडीखालून 'हं' आला.

पहिले दोन दिवस मी लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आवाज ऐकावेच लागत. गंजलेला नट सुटत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याला रात्रभर रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीत गुंडाळून ठेवलं, सकाळी छिन्नीने फोडला, आणि प्रत्येक नटाला नाव घेऊन शिव्या दिल्या. नावं रेल्वेतल्या जुन्या फोरमन लोकांची होती. मी त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवायला गेले, अडकलेले बोल्ट कसे काढावेत त्याचा. त्यांनी अर्धा मिनिट बघून मोबाईल परत दिला. "याच्या नटाला गंजच नाही. रंग लावलेला गंज आहे तो."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते हात धुऊन आत आले आणि म्हणाले, "झालं. आईला सांगा, उद्या बहिणीला भेटून यायचं असेल तर तयार हो म्हणावं."

गाडी आता बरीच शांत झाली होती, हे खरं. पण माझा विश्वास नव्हता. मी ओलं फडकं घेऊन मागच्या नळीचं तोंड दाबून धरलं आणि दादांना गाडी चालू करायला सांगितली. सगळे सांधे पक्के असते तर फडक्यावर जोर आला असता आणि इंजिन कोंडून बंद पडलं असतं. तसं झालं नाही. पुढे, इंजिनाजवळ, फुस्स फुस्स असा आवाज यायला लागला. वाकून पाहिलं तर पुढच्या सांध्याला तीन नटांऐवजी दोनच नट होते आणि तिसऱ्या जागी राखाडी लेप थापलेला होता. तिथला स्टड, म्हणजे इंजिनाच्या बाजूला घट्ट बसवलेला आट्यांचा दांडा, तुटून आत राहिला होता. दादांनी त्यावर लेप लावून काम मिटवलं होतं.

मी गाडी बंद केली आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. "आई या गाडीत बसणार नाहीत," मी म्हटलं. "तुम्हाला स्वतःला बसायचं तर बसा."

"दोन नटांवर पण चालतं."

"रेल्वेत चालत होतं का?"

पंधरा वर्षांत हे एकच वाक्य मी असं बोलले असेन की ज्यावर त्यांच्याकडे 'हं' नव्हता. ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी चहा केला आणि तो एकटीने प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये खडखडाट ऐकू आला. दादांनी वरून बॉनेट उघडून इंजिनाला जोडणारा ओतीव तुकडा सुटा केला होता आणि तो बाकावरच्या शिकंज्यात घट्ट आवळला होता. तुटलेला स्टड आता समोर होता. हातात भोकाची खूण टोचायचा छोटा पंच आणि हातोडी होती. स्टडच्या तोंडावर आधीच पाच-सहा टोचे पडलेले, एकही मध्यावर नाही. मी मागे उभी आहे हे त्यांना कळलं.

"मोतीबिंदू आहे," ते मागे न बघता म्हणाले. "दोन वर्षं झाली. आईला माहीत नाही." मग, "तुमचा हात सरळ राहतो का, बाई? का नुसता खडू धरता येतो?"

मी सांगितलं की मी ब्युरेटमधून एकेक थेंब सोडणारी बाई आहे. त्यांना ब्युरेट माहीत नव्हता, पण त्यांनी पंच माझ्याकडे दिला.

ती सकाळ मी अर्धा दिवस रजा टाकून त्यांच्याबरोबर काढली. त्यांनी मला आधी मध्य कसा शोधायचा ते शिकवलं, मग बारीक बिटने भोक पाडायला लावलं. मी ड्रिलवर जोर देत होते. "दाबू नका. बिट आपोआप खातं. भुकेल्याच्या तोंडात घास कोंबावा लागत नाही." तेल टाकायचे ते, फिरवायची मी. एक बिट मोडलं, तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांच्या शिक्षणाबद्दल शंका घेतली. दुसरं मोडलं नाही. जुना स्टड भुगा होऊन बाहेर आला, आटे नव्याने पाडले, नवा स्टड बसला. दुपारपर्यंत सांध्यात नवी पॅकिंग घालून तीनही नट आवळले. सीटखालच्या पत्र्याला त्यांनी तुकडा लावून रिव्हेट मारले. मग मी पुन्हा फडकं दाबून धरलं. इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं.

दादांनी माझ्या स्टडवरून अंगठा फिरवला. "चालेल," ते म्हणाले. संध्याकाळी कॉलनीच्या कट्ट्यावर मी त्यांना सांगताना ऐकलं की अख्खा सायलेन्सर त्यांनी एकट्याने बदलला आणि घरात बाईमाणसं नुसती अंगात येऊन ओरडत होती.

त्यानंतर आई कधी गाडीत आजारी पडल्या नाहीत. दादांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं आणि डॉक्टरला हात चांगला नाही असं सर्टिफिकेट दिलं. दोन वर्षांनी एका पहाटे ते झोपेतच गेले. गाडी आम्ही नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याला दिली. त्याने गाडी चालू करून ऐकलं, "आवाज मस्त शे," असं अहिराणीत म्हणाला आणि घेऊन गेला.

तो गेल्यावर रिकाम्या पोर्चमध्ये आई बराच वेळ उभ्या होत्या. मी बाहेर आले तर म्हणाल्या, "तुला एक सांगायचं राहिलं. त्यांनी सांगू नको म्हणून शपथ घातली होती."

आईंना दवाखान्यातून आणल्यानंतरच्या त्या अबोल्याच्या दिवसांत मी कॉलेजात जात होते, त्यातल्या एका दुपारी दादांनी गाडी पोर्चमध्येच चालू केली. सगळ्या काचा वर केल्या आणि मागच्या सीटवर, आईंच्या जागेवर, जाऊन बसले. आईंना बाहेर खुर्ची देऊन सांगितलं, घड्याळ बघ, अर्धा तास झाला की दार उघड, त्याआधी उघडायचं नाही.

"मी वीस मिनिटांतच उघडलं," आई म्हणाल्या. "मला धीर निघेना. ते बाहेर आले आणि भिंत धरून उभे राहिले. कढीपत्त्याच्या झाडाखाली उलटी केली. मला म्हणाले, बाई बरोबर बोलते. तू चाळीस वर्षं डोकं दुखतं म्हणून सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. आणि मग सायलेन्सर आणायला गेले."

एका साध्या गोष्टीवर विश्वास ठेवण्यासाठी बंद गाडीत मरायला बसलेला माणूस मला डोळ्यांसमोर दिसत होता, घाम आलेला, घड्याळाकडे बघणारा, तरीही स्वतः दार न उघडणारा.

"मूर्ख माणूस," मी म्हटलं.

आईंनी मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. मग आम्ही दोघी आत गेलो.