उलटा पडलेला झेंडा

लिअँडर कॉर्कमने चाळीस वर्षं दगडावर उलटी चित्रं काढली. माशांच्या डब्यांची लेबलं, सर्कशीच्या जाहिराती, सगळं आरशात दिसावं तसं उलट. छापलं की सुलट व्हायचं. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या छापखान्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण बेचाळीस साली नवं यंत्र आलं. त्याच्या पत्र्यावर चित्र सुलटच काढायचं. डोक्याला कळलं, हाताला मात्र जुनी खोड सोडवेना.

काम नौदल भरतीच्या पोस्टरचं होतं. ब्रिटिश, कॅनेडियन, अमेरिकन असे तीन खलाशी खांद्याला खांदा लावून उभे, मागे झेंडे. चेहरे, अक्षरं त्याने जपून काढली. चार हजार प्रती वाळत पडल्या आणि तेव्हा त्याला दिसलं. ब्रिटिश झेंडा हाताने जुन्या सवयीने आरशातला काढला होता; दांड्याजवळची रुंद पांढरी पट्टी वर हवी, ती खाली आली होती. असा उलटा झेंडा दिसला की खलाशी एकच समजतो: बुडतोय, वाचवा!

त्यात आडनाव जर्मन. पूर्वज जर्मनीहून जवळच्या लुनेनबर्गला येऊन दोनशे वर्षं होत आली, तरी मागच्या युद्धात त्याच्या बापाच्या दुकानाच्या काचा फुटल्याच होत्या.

"गप्प बस," फोरमन गॉर्मली कुजबुजला. तीस वर्षांचा दोस्त, रोज एकाच टेबलावर डबा खाणारा. "पट्ट्या कोण बघत बसतंय? साहेब आत्ता येईल."

"अरे, हे धक्क्यावर लागणार. पोरं जहाजावर चढताना बघतील."

"आणि तुला घातपाती म्हणून उचललं तर?"

नौदलाचा अधिकारी आला. "झकास!" म्हणाला.

लिअँडर पुढे झाला. "साहेब, झेंडा उलटा आहे. चूक माझी."

"नाव काय तुमचं?"

"कॉर्कम."

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. "मुद्दाम केलंत?"

"नाही हो. हाताची सवय."

लिअँडरने गॉर्मलीकडे पाहिलं. हा माणूस तसा नाही, एवढंच त्याने म्हणायला हवं होतं. गॉर्मली शाईचे डबे लावत राहिला.

अधिकाऱ्याने खुर्ची ओढली. "या प्रती रद्द. माझ्यासमोर नवा झेंडा काढा."

दोन तास लागले. हात तीनदा चुकीकडे वळला, तीनदा आवरला. अधिकाऱ्याने पट्टी न् पट्टी तपासली, मान डोलावली आणि निघून गेला.

"सुटलो रे बाबा!" गॉर्मली हसला. "चल, चहा पाजतो."

"त्याने मुद्दाम केलंत का विचारलं, तेव्हा तू इथेच होतास ना?"

"होतो की."

"मग तूच पी."

पुढे निवृत्त होईपर्यंत दोघं एकाच टेबलावर राबले. लिअँडरने जेवणाचा डबा तिथे पुन्हा उघडला नाही.