गांडुळं उन्हाळ्यात जगतात कशी

मध्य प्रदेश नुकताच झाला होता आणि आमच्या कॉलेजचा प्रत्येक अर्ज भोपाळला जाऊन बसत होता. मी प्राणिशास्त्र शिकवायला नवीनच लागले होते आणि माझ्या डोक्यात एकच किडा होता: माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा तिच्यातली गांडुळं जगतात कशी? ते पाहायला चांगला सूक्ष्मदर्शक हवा होता. वर्षभर एकच उत्तर मिळालं, कागद भोपाळला गेलेत. वाट पाहणं माझ्या स्वभावातच नव्हतं. गणपती जवळ आले तशी मी मराठी मंडळाच्या मागे लागले आणि वर्गणीच्या जोडीला सूक्ष्मदर्शकासाठी वेगळं पावतीपुस्तक घेऊन घरोघर हिंडू लागले.

पहिल्या तीन घरांनी विचारलं, याचा उपयोग काय? मी वैतागले. चौथ्या घरी कुणी विचारायच्या आतच ठोकून दिलं की दोन वर्षांत गहू दुप्पट पिकेल. मग लोक पटापट देऊ लागले. संस्थानच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, आमच्याच गल्लीतल्या एका काकांनी सगळ्यांत जास्त दिले.

सूक्ष्मदर्शक आला. पण काका भेटले की विचारत, गव्हाचं कुठवर आलं? मी लांबच्या रस्त्याने कॉलेजला जाऊ लागले. कामात लक्ष लागेना, घास गोड लागेना. एके दिवशी त्यांनी मला गाठलंच. खुशीत सांगू लागले की सांवेर गावच्या साडूंनी शेत विकायला काढलं होतं, पण गहू दुप्पट पिकणार या काकांच्या शब्दावर साडूंनी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं. तिथेच रस्त्यात उभ्या उभ्या मी सगळं खरं सांगून टाकलं.



"गांडूळ जगतं कसं, हे तर मलापण जाणायचं होतं," काका म्हणाले. "सीधं तेवढंच सांगितलं असतंस, तरी मी दिलेच असते, बेटा. आता साडूंना काय तोंड दाखवू?"

लोकांना शास्त्राची कदर नाही म्हणून मी चडफडत होते, आणि खरं सांगून पाहायचा धीर मलाच नव्हता. फार लाज वाटली.

पुढच्या गणपतीत मी पुन्हा पावतीपुस्तक घेऊन निघाले आणि गांडुळांपलीकडे अक्षर बोलले नाही. काहींनी दिले, काहींनी हसून वाटेला लावलं. काकांनी आत बोलावलं, चहा दिला, सगळं मन लावून ऐकलं, दोन प्रश्नही विचारले. पैसे मात्र दिले नाहीत.