राहिलेल्या वस्तू

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण एका अख्ख्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती मी एका शब्दाने घालवली होती!

रविवारी सकाळी टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेपायी जळगावचे रस्ते ओस पडायचे, तेव्हाची गोष्ट. मी मानसशास्त्रात पीएच.डी. करत होतो. विषय, न शिकलेल्या वृद्धांची स्मरणशक्ती. फैजपूरजवळच्या एका खेड्यात जायचं, पंधरा वस्तूंची नावं वाचायची आणि समोरच्याला किती आठवतात ते मोजायचं. बास! यात चुकायला जागा आहे का, सांगा?

पहिल्याच दिवशी समोर बसल्या अक्का. केळीचे बागाईतदार प्रल्हादभाऊ, त्यांची आई. मी वाचलं, "मीठ, सुई, आरसा, दोरी, साबण, कंदील..." पंधरा झाली. मग अगदी विद्यापीठी सुरात म्हणालो, "अक्का, आता राहिलेल्या वस्तू सांगा."

अक्कांनी एकदा घरात डोकावून पाहिलं. "मीठ. दोरी. कंदील."

"आणखी?"

"बस. एवढ्याच."

पंधरात तीन! निघताना भाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, आईंची स्मृती क्षीण होतेय. रोज त्यांच्यापाशी बसत जा. जुन्या गोष्टी काढा."

एवढा धिप्पाड माणूस, अंगणातल्या खांबाला टेकून रडायला लागला हो!

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तर ओट्यावर सात-आठ आजी-आजोबा आधीच रांगेत. घेतली चाचणी. पहिले आबा, "मीठ, दोरी, कंदील." पुढच्या आजी, "मीठ, दोरी, कंदील." शेवटचे नाना तर मी यादी वाचायच्या आतच बोलून मोकळे झाले!

तुम्हाला संशय आला असता. मला? मला शोध लागला! एकच गाव, एकच तीन शब्द! माझ्या मार्गदर्शक बाई धुळ्याला असायच्या. तिकडे जाताना एसटीतच मी पेपरात कोणता फोटो द्यायचा ते ठरवून टाकलं.

बाईंनी कागद पाहिले. चष्मा काढला. "अरे, ही स्मरणशक्ती नाही. कॉपी आहे. जा, विचारून ये."

गेलो. अक्का अंगणात एकट्याच शेंगा निवडत होत्या.

"अक्का, खरं सांगा. त्या दिवशी तीनच नावं का सांगितलीत?"

"तूच म्हनला ना, राह्यलेल्या वस्तू सांग? मंग आनायच्या राह्यलेल्या सांगितल्या. बाकीचं सगयं घरात हाये ना रे बाप्पा!"

आणि पंधराच्या पंधरा नावं घडाघडा म्हणून दाखवली. ओळीने!

मी कपाळाला हात लावला. मला 'लक्षात राहिलेल्या' म्हणायचं होतं! "मग भाऊंना का नाही सांगितलंत?"

अक्कांनी एक शेंग सोलली. शेंगेचं टरफल बोटांत फिरवत राहिल्या.

"तू गेला, तव्हापासून परल्हाद रोज माह्याजवय येऊन बसतो. 'माय, मी लहान होतो तव्हा काय करे?' असं इचारतो. किती वर्सात नव्हता बसला रे. मंग गल्लीतले म्हनाले, आमाले बी नापास व्हायचं हाये. शिकोलं मंग त्याईले."

आता काय करायचं? खरं सांगितलं तर अक्कांची बैठक मोडणार. नाही सांगितलं तर भाऊ झुरणार. तेवढ्यात भाऊच शेतातून आले. "सर, माय मले इसरनार तं नाही ना?"

"नाही भाऊ. चांगल्या सुधारल्यात. फक्त औषध बंद करायचं नाही. रोज तासभर गप्पा."

"कधीलोक?"

"कायमचं."

भाऊंनी टोपीने डोळे पुसले. अक्का खाली मान घालून शेंगा निवडत होत्या, पण खांदे हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावच्या घरी हा सगळा प्रकार आईला सांगितला. उभ्या उभ्या, बॅग भरता भरता, कारण बाईंना सांगायला धुळ्याची गाडी पकडायची होती. मी पोट धरून हसत होतो. आई हसली नाही. तिने तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली,

"हल्ली मलाही काही आठवत नाही बरं का. तपासतोस?"

मी बॅग खाली ठेवली. पाट ओढला. धुळ्याची ती गाडी चुकली, पुढच्याही कितीतरी.

पीएच.डी. वर्षभर लांबली. का, ते बाईंना अजून सांगितलेलं नाही.