कोणी गाळलं ते लिही

आमच्या ऑफिसातले जुने लोक आजही कुणाच्या लग्नाला भेटले की जेवण बाजूला राहतं. एक जण नुसतं "सावंतसाहेब" म्हणतो आणि झालं सुरू! एका किश्शाला चिकटून दुसरा येतोच. माझ्याकडे सगळ्यात जास्त आहेत, कारण त्यांच्या शिव्या सगळ्यात जास्त मीच खाल्ल्या.

साठच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला पंप बनवणारी एक कंपनी, तिथे इंग्रजी पत्रव्यवहाराचं खातं. आम्ही तिघं: मी, नाईक आणि टायपिस्ट मिस परेरा. आमच्यावर हेडक्लार्क सावंत, मालवणकडचे. मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. वडिलांची नजर गेली म्हणून त्यांची गिरणी सुटलेली, घाटकोपरच्या खोलीत पाच माणसं आणि कमावता मी एकटा. परमनंट झालो नाही तर घराची वाट लागली, एवढं साधं गणित होतं.

पहिल्याच दिवशी मला पत्र लिहायला दिलं. मी बी.ए., त्यात इंग्रजीची भारी घमेंड. ठोकली सुरुवात, "आय मोस्ट हम्बली बेग टू..."

सावंतसाहेबांनी कागद पुढे सरकवला. "अरे मेल्या, बेग? भीक कशाला मागतोस? आपण पंप विकतो!"

मिस परेरा टाईपरायटरमागे तोंड लपवून हसली. माझे कान तापले.

त्यांची एक पद्धत होती. मसुदा लिहिला की त्यांच्या टेबलासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचा, आणि फुलस्टॉप येईपर्यंत श्वास घ्यायचा नाही! मध्ये दम लागला की लाल पेन्सिल चाललीच.

नाईकला सात-सात ओळींची वाक्यं लिहायची हौस. एकदा पाचव्या ओळीला त्याने खोकल्याचं सोंग केलं आणि हळूच श्वास घेतला. पुन्हा सहाव्या ओळीला खोकला.

सावंतसाहेब म्हणाले, "नाईक, औषध नको घेऊस. फुलस्टॉप घे!"

तिसऱ्या महिन्यात माझं पहिलं लफडं झालं. नाशिकच्या एका डीलरने कळवलं की आलेला पंप गळतोय. आम्हाला तो पंप परत हवा होता. मी झकास लिहिलं, "काइंडली डू द नीडफुल." सावंतसाहेब त्या दिवशी रजेवर. पत्र तसंच गेलं.

डीलरला जे नीडफुल वाटलं ते त्याने केलं. गळती साबणाने बुजवली आणि पंप विकून टाकला! आठवड्याने तो शेतकरी पंप टेम्पोत घालून थेट आमच्या गेटवर हजर.

सावंतसाहेबांनी मला उभं केलं. "तुला काय हवं होतं?"

"पंप परत."

"मग तसं लिहायला लाज वाटली?"

ते म्हणाले, "अशी आणखी एक चूक झाली ना, तर तुझा परमनंटचा कागद माझ्या टेबलावरून पुढे जाणार नाही."

तुम्हाला सांगतो, त्या रात्री जेवण गेलं नाही. आईने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणालो.

त्या दिवसापासून मी कात्रीच झालो. दिसेल ते वाक्य छाट! मिस परेरा वैतागली. "अरे, तू माझी नोकरी घालवणार, मॅन! चार ओळींत मी टाईप काय करू?" सावंतसाहेब मात्र खूश दिसायचे. मलाही वाटलं, जमलं आपल्याला.

आणि तिथेच घात झाला.

एका डेअरीला पंप गेला, सोबत तो कसा चालवायचा याच्या सूचनांचं एक पान, ते नीट करायला माझ्याकडे आलं. त्यात एक वाक्य होतं, सुरू करण्याआधी पंपात पाणी भरा. मला वाटलं, एवढं कुणालाही कळतं, आणि मी ते उडवलं. सावंतसाहेबांनी पान वाचलं, मान डोलावली, टिक केली. डेअरीवाल्यांनी पंप कोरडाच चालवला आणि तो जळाला.

माझ्या प्रोबेशनचा शेवटचा आठवडा. मॅनेजरच्या टेबलावर माझा परमनंटचा कागद सहीसाठी पडलेला. त्याच्याच खाली सावंतसाहेबांचा अर्ज. चार महिन्यांनी ते रिटायर होणार होते, धाकट्या मुलाचं कॉलेज पुरं होईपर्यंत त्यांना दोन वर्षं वाढवून हवी होती.

मॅनेजर स्वतः आमच्या खात्यात आला. "पाचपर्यंत डेअरीला उत्तर तयार पाहिजे. चूक कोणाची, ते मला त्यात दिसलं पाहिजे!"

नाईक माझ्या कानाशी लागला. "यार, नाव कशाला घेतोस? 'इट इज रिग्रेटेड दॅट अ लाइन वॉज ओमिटेड.' संपलं! इंग्रजीत चूक आपोआप होते."

मी तेच लिहिलं आणि टेबलासमोर जाऊन वाचलं. टाईपरायटर थांबला.

"कोणी गाळलं?" सावंतसाहेबांनी विचारलं.

"साहेब, ते मी..."

"मला सांगू नको. कोणी गाळलं ते लिही."

डोळ्यांसमोर वडील, भिंत चाचपत मोरीकडे जाणारे. खोटं कशाला बोलू, सावंतसाहेबांचा भयंकर राग आला. ह्यांचं काय जातंय! पण लिहिलं. "आय लेफ्ट आउट द लाइन." आणि तेच मोठ्याने वाचलं.

त्यांनी लाल पेन्सिल उचलली. माझं आणखी काय छाटणार, असं मनात आलं. त्यांनी माझा फुलस्टॉप खोडला आणि पुढे लिहिलं, "अँड आय पास्ड इट." मग मिस परेराला म्हणाले, "सह्यांना दोन जागा सोड."

सहा महिन्यांत त्यांनी कुणाचं वाक्य वाढवलेलं मी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी मॅनेजरकडून दोन्ही कागद आले. माझ्या कागदावर सही होती. त्यांच्या अर्जावर लाल शाईत "नो."

मी त्यांच्या टेबलाशी गेलो. "साहेब, तुमचं ते... मी जर..."

त्यांनी मान वर केली नाही. "डेअरीचं पत्र टपालात पडलं?"

"हो."

"मग पुढचं वाच."