गच्चीवरचा दहीभात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. मुलाजवळ नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. बसा जरा. मला एकदम सांगता यायचं नाही, फिरून फिरून यावं लागेल.

यांच्या बँकेतल्या बदलीनं आम्ही कलकत्त्याला आलो आणि बालीगंजमध्ये राहूनच गेलो. चार मजली जुनी इमारत, आम्ही सगळ्यात वर. हे गेले, आणि पुढच्या पितृपंधरवड्यात मी गच्चीवर पान वाढून ठेवलं. दहीभात जरा जास्तच — यांचा जीव होता त्यावर. कावळे काही फिरकले नाहीत. इथले कावळे मासळीला सोकावलेले, त्यांना माझ्या दहीभाताचं काय कौतुक? ऊन उतरलं तरी पान तसंच. आणि मग वास आला — आंबेमोहोर शिजताना येतो ना, अगदी तसा. पाण्याच्या टाकीमागून एक उदमांजर निघालं. त्यांच्या अंगालाच असा वास असतो, इथले लोक त्याला भाम म्हणतात. त्यानं पान चाटूनपुसून साफ केलं. मला किती हलकं वाटलं, ते कसं सांगू? दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं. मग रोजच.

अर्थात लपून. खालच्या मजल्यावरच्या दत्तबाबूंनी आधीच बजावलेलं होतं, गच्चीवर प्राण्यांना काही घालायचं नाही, तिथल्या टाकीतून खाली पिण्याचं पाणी जातं.

ती मादी होती. थंडीत तिचा मागचा पाय चिघळला, पू यायला लागला. यांच्या आजारपणातल्या कॅप्सूल डब्यात उरलेल्या होत्या. हॉस्पिटलातून आलेल्या, चांगल्या जबर. औषध कुणी टाकून देतं का आपल्याकडे? मी त्या फोडून दह्यात कालवल्या. पाय सुधारला की मी औषध थांबवायची, ती लंगडली की पुन्हा. डबा संपेपर्यंत हेच.

नंतर मृण्मयी आली. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, पुण्याहून संशोधनाला, माझ्याकडेच राहायला. शहराच्या आसपास राहणाऱ्या रानटी प्राण्यांच्या पोटात कोणकोणते जिवाणू नांदतात, हा तिचा विषय. जेवायला बसली की सुरू — "काकू, प्रत्येकाच्या पोटात एक अख्खं रान असतं. तुझ्यासुद्धा."

"माझ्या पोटात तुझी काळजी आहे सध्या. आधी जेव."

घराच्याच गच्चीवर उदमांजर आहे म्हटल्यावर तिला कोण आनंद. हातमोजे घालून त्या मादीची विष्ठा नळीत भरायची, बर्फात ठेवायची. आणि एक दिवस तिनं विचारलं, "काकू, हिला कुणी खायला घालतं का? औषध वगैरे? नीट आठवून सांग हं. माणसाचा हात लागला असेल तर मला ही अभ्यासात धरता येणार नाही."

"छे गं. इथे कोण घालतंय?"

झालं. एवढंच बोलले मी. पण तुम्हाला वाटत असेल हेच ते — तर नाही.

काही आठवड्यांनी पोरगी घरी आली ती तपासणीचा निकाल घेऊन. त्या मादीच्या पोटात असे जिवाणू निघाले होते, की हॉस्पिटलातल्या जबर औषधालाही ते मरेनात. शहरातच बेहालाकडच्या ज्या उदमांजरांचे नमुने तिनं घेतले होते, त्यांतल्या एकातही तसे नव्हते. "रानटी जनावरात हे आलं कुठून, काकू?" तिनं औषधाचं नाव सांगितलं. ते नाव यांच्या उशाशी किती महिने होतं. मी तिला आमटी वाढली.

ती बिचारी सरळ. जिन्यात दत्तबाबूंनी विचारलं, तिनं सांगून टाकलं. संध्याकाळी सगळे माझ्या दारात. दत्तबाबू हात जोडून म्हणाले, "माशीमा" — मावशीला इथे असंच म्हणतात — "टंकी ऊपर है, बच्चे नीचे हैं." कुणाच्या तरी ओळखीनं पिंजरा आला. आत केळी ठेवली. मादी काही शिवेना. दिवसामागून दिवस गेले, केळी काळी पडली.

मृण्मयी नमुन्यांसाठी बाहेरगावी निघाली होती. जाता जाता हसून म्हणाली, "हुशार आहे गं ती. मी आले की पुन्हा नमुने घेते. हे कुठून आलं ते शोधून काढणारच."

शोधून काढणारच. तेवढे शब्द माझ्या मानगुटीवर बसले. ती मादी गच्चीवर आहे तोवर कुणीतरी बघणार, कुणीतरी विचारणार — नाही का? दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मी दहीभात कालवला, आणि पिंजऱ्यात ठेवला.

माणसं तिला पोत्यात घालून घेऊन गेली. कुठे, ते मी विचारलं नाही.

अजून आहे. जिन्यावरच्या माळ्यात तिची पिल्लं होती. ती पाजती होती हे मला दिसत होतं, मला एकटीलाच. वरच्या मजल्यावर तेव्हा मी एकटीच, त्यामुळे पिल्लांचं चिरक्या आवाजातलं ओरडणंही माझ्याच घरात ऐकू यायचं. मी टीव्हीचा आवाज वाढवला. मृण्मयी परतली तोवर वर सगळं शांत झालं होतं.

ती आता दुसऱ्या शहरात असते. माणसाचा हात न लागलेलं जनावर आणि त्याच्याही पोटात हे — असं सभेत उभं राहून सांगते. फोनवर म्हणते, "काकू, तुझ्या गच्चीवरचीनं मला नाव मिळवून दिलं." मी हं म्हणते.

आंबेमोहोर मी आणत नाही. तरी हल्ली दिवेलागणीला जिन्यात तो वास येतो, आणि टाकीमागे काहीतरी सरकतं. गच्चीच्या दाराची कडी मी काढत नाही.

त्या मादीनं त्या दिवशी पिंजऱ्याकडे बघितलंच नव्हतं. ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आत गेली.