फळ्यावरचं खरं वाक्य

आमच्या इंग्रजीच्या सरांची एक खोड होती. फळ्यावर वाक्प्रचार द्यायचा आणि त्याचं वाक्य करायचं ते स्वतःच्या घरातलं, खरं घडलेलं. गाइडातलं उतरवलं तर छडी. लोकांच्या घरात डोकावायची हौस, दुसरं काय! पण तेव्हा आम्हाला वाटे, केवढे शिस्तीचे शिक्षक.

मी दहावीत होते. नाचणगावहून पुलगावच्या शाळेत पायी यायचे. त्या दिवशी फळ्यावर आलं 'टेक टू टास्क', म्हणजे खरडपट्टी काढणे. आदल्याच दिवशी पाळीवर डुलकी लागली म्हणून गिरणीतल्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, बाबांना खात्यातल्या सगळ्यांदेखत झापलं होतं. बाबा जेवता जेवता आईला हळूच सांगत होते, ते मी ऐकलं होतं. मी तेच लिहिलं: 'माय फादर वॉज टेकन टू टास्क बाय द जॉबर.' सर खूश झाले. ज्याचं वाक्य बिनचूक, त्याचं ते व्हरांड्यातल्या मोठ्या फळ्यावर नावानिशी लिहीत. माझं लिहिलं.

शाळा सुटता सुटता बाबा आले, धुतलेला सदरा घालून. मोठे काका 'पोरगी पाहायला पाहुणे बोलावू' म्हणत माझ्या लग्नाच्या मागे हात धुऊन लागले होते. बाबा एकटेच म्हणायचे, तिला शिकू द्या. पोरगी कॉलेजात टाकण्याजोगी आहे का, हे त्यांना सरांच्या तोंडून ऐकायचं होतं. व्हरांड्यातल्या फळ्यावरचं इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण वाक्याखाली मराठीत माझं नाव होतं. तेवढं वाचून त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू!

"काय लिवलं हाये जी पोरीनं?" त्यांनी सरांना विचारलं.

सरांना टाळता आलं असतं. त्या मुडद्यानं एकेका शब्दावर छडी ठेवून मराठीत अर्थ सांगितला, तोही बाबांच्या तोंडाकडे बघत बघत. पोरं फिदीफिदी हसली, त्यात जॉबरचा मुलगाही होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजूनही तो माणूस आठवला की माझं टाळकं सटकतं.

बाबा फळ्याकडे वळले. मग म्हणाले, "कुठी चुकली तं नाई ना?"

"छे, हुशार आहे पोरगी," सर म्हणाले.

घरापर्यंत बाबा पुढे, मी मागे. काका ओसरीवर वाटच पाहत होते. मास्तर काय म्हणाला, त्यांनी विचारलं.

"हुशार हाये म्हणे," बाबा म्हणाले. "पाहुण्यायले बोलवा आता."