खांबाच्या डोळ्यात कुंकू

आमच्या गावात सेन्सर हा शब्द पोचायच्या आधी सेन्सर पोचला. तो मी आणला. हरभऱ्याच्या डाळीएवढा, वर काच, खाली दोन तारा. उजेड असेल तोवर दिवा बंद ठेवायचा आणि अंधार पडला की लावायचा, एवढंच त्याचं काम. गाव त्याला डोळा म्हणे. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि संध्याकाळी दुसरा उद्योग नव्हता. म्हणून तो एका पत्र्याच्या पेटीत बसवला आणि पेटी एस.टी.च्या थांब्यावरच्या खांबाला छातीच्या उंचीवर बांधली. वर बांधली असती तर कापसाच्या गाड्यांची धूळ पुसायला रोज शिडी लागली असती.

थांब्यावर एका मावशींचं चहाचं हॉटेल होतं. मावशी बौद्ध वस्तीतल्या. त्यांचा चहा परगावचे प्रवासी घेत. गावातले क्वचित, आणि नामांतराचा वाद सुरू झाल्यापासून त्याहून क्वचित. कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. सेलूहून शेवटची गाडी अंधारात यायची आणि उतरलेली माणसं हॉटेल न दिसता घरी निघून जायची. दिवा खरा पाहिजे होता तो मावशींना.

सरपंचांना तो स्वतःच्या दारापुढे हवा होता. त्यांनी तोड काढली. "उद्घाटनाला पाव्हण्यासमोर लागला तर ऱ्हाऊ द्या तिथंच. न्हाई लागला तर आमच्या दारापुढं आणू. बटण लावू, गुर्जी. बटणाचा भरवसा असतो."

उद्घाटन दिवेलागणीला ठरलं होतं. पाहुणे म्हणून बोलावलेले पुढारी भर दुपारीच हजर झाले. पुढारी वेळेआधी आलेला मी त्याच दिवशी पाहिला. त्याआधी नाही, नंतरही नाही.

"बटण कुठंय?" त्यांनी विचारलं.

"बटण नाही, साहेब. अंधार पडला की आपोआप लागतो."

"मग मी काय करू?"

प्रश्न मूलभूत होता. सरपंच माझ्याकडे बघत होते आणि मावशी हॉटेलाच्या दारातून सरपंचांकडे.

तेवढ्यात पूजेचं ताट आलं. पाण्याची मोटार असो की पिठाची गिरणी, आमच्याकडे नव्या यंत्राला आधी हळदकुंकू लागतं. पुढाऱ्यांनी कालवलेलं कुंकू अंगठ्यावर घेतलं आणि ते लावायला जागा शोधू लागले. पेटीवर चकाकणारी वस्तू एकच होती. मी "साहेब, तिथं नको" म्हणेपर्यंत अंगठा टेकला. आत खट्ट झालं आणि वर दिवा लागला.

टाळ्या पडल्या. "साहेबाच्या हाताला लय गुण हाय!" सरपंच म्हणाले. साहेबांनी ते विनयाने मान्य केलं आणि रखरखीत उन्हात, पेटलेल्या दिव्याखाली, प्रकाशाच्या महत्त्वावर भाषण केलं.

ते गेले तरी दिवा जळतच होता. मावशी बाहेर आल्या. "गुर्जी, ह्यो तर दिवसा बी जळायलाय. असा बलब उडाला की सरपंच म्हणतील, बगा, बटणच पायजे व्हतं."

मी फडकं शोधू लागलो. त्यांनी पदराचं टोक किटलीतल्या कोमट पाण्यात बुडवलं आणि डोळा स्वच्छ पुसला. दिवा विझला.

"बिचाऱ्याला दिसू तर द्या," त्या म्हणाल्या.

दिवस मावळल्यावर पेटीत पुन्हा खट्ट झालं. मी बाकावर बसून होतो. शेवटची गाडी आली. उतरलेल्यांत सरपंचांचा पुतण्या होता. त्याला हॉटेल दिसलं, मावशींना तो दिसला, आणि दोघांना ते कळलं. अंधारात जे सोयीचं जात होतं ते उजेडात जमेना. तो येऊन बसला आणि चहा प्यायला.

"साखर कमी हाय, मावशी."

"उद्या जास्ती घालते. पर या मातर."

तो आला. दिवाही तिथंच राहिला.